लक्ष्मीपूजनाची रात्रपाळी

१८८१ सालच्या ‘निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट’ने आम्हा बँकवाल्यांवर फार उपकार केले आहेत. त्याखाली सरकारने सुट्टी जाहीर केली की बँकेचे शटर खाली येते. फार तर एखादा व्यापारी चेक अडकला म्हणून कुरकुरतो. रुग्णालयाला असे शटर नाही. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत तेथे तिन्ही पाळ्या चालू असतात, आणि त्या निभावतात त्या मुख्यतः परिचारिका.

दिवाळीत रुग्णालये रिकामी होतात असे म्हणतात. ते अर्धेच खरे. ज्यांची शस्त्रक्रिया लांबवता येते ते ती लांबवतात, जे हिंडूफिरू शकतात ते ‘सणापुरते तरी घरी नेतो’ म्हणून डिस्चार्ज घेतात. मागे उरतात ते ज्यांना हलवताच येत नाही असे: व्हेंटिलेटरवरचे, कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातले, भाजलेले. म्हणजे खाटा कमी भरतात, पण उरलेल्या प्रत्येक खाटेवरचा भार वाढतो. नेमके तेव्हाच मोठे डॉक्टर गावाला गेलेले असतात, मावशी आणि वॉर्डबॉय यांच्या दांड्या असतात, रक्तपेढीत तुटवडा असतो. व्यवस्थापन मात्र भरलेल्या खाटा मोजते आणि तेवढीच माणसे ठेवते. मग सलाईन लावणारीच बेडपॅनही देते.

हिशेबाचेच बोलायचे तर तोही करून पाहू. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे प्रत्येक पाळीला एक परिचारिका हवी. वर्षाच्या पाळ्या होतात १०९५. एका परिचारिकेच्या ५२ साप्ताहिक सुट्ट्या, शिवाय सण, रजा, आजारपण यांचे सुमारे ५० दिवस धरले, तर ती २६३ दिवस कामावर येईल. म्हणजे एका खाटेला चारहून अधिक परिचारिका लागतात. तीन नेमून तीन पाळ्या भागवणाऱ्याने तिच्या रजेचा पैसा आधीच खिशात घातलेला असतो. बँकेत याला आम्ही ‘लीव्ह रिझर्व्ह’ म्हणत असू. तो नसला की अर्जावर ‘कामाच्या निकडीमुळे नामंजूर’ असा शेरा पडे, आणि निकड कुणी निर्माण केली हे त्यात कधी लिहिलेले नसे.

पगाराची कथा वेगळी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांकडे सोपवली गेली. पुढचे वाचकांनी ओळखावे.

पण यात अधिक बोचणारी गोष्ट पैशाची नाही. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीज. अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा रुग्ण दगावले. तीन दिवसांनी निष्काळजीपणाच्या आरोपावरून अटक झाली ती एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले हे खरे, परंतु कोठडीची पायरी आधी चढल्या त्या पाळीवर नेमलेल्या या चौघी. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत दहा नवजात बालके गेली; तेथेही पुढे गुन्हा नोंदवला गेला तो दोन परिचारिकांवर. त्यांचा दोष किती, हा न्यायालयाचा प्रश्न. मात्र विजेची जोडणी करणे आणि अग्निशमन यंत्रणा बसवून घेणे हे काम परिचारिकेच्या ड्युटीत बसत नाही, एवढे सांगायला न्यायाधीश असावे लागत नाही. बँकेत तिजोरी फुटली तर आम्ही आधी किल्ल्या कुणाकडे होत्या ते पाहत असू.

तेव्हा वॉर्डात फराळाचा डबा नेऊन देणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. रात्री अडीच वाजता तो चकलीचा तुकडा बरा लागत असेल. परंतु रुग्ण दाखल करताना बिलाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: सणाच्या रात्री या विभागात किती रुग्णांमागे एक सिस्टर असेल? उत्तर लेखी मागावे. ट्रस्टींच्या ओळखीचे असाल तर बाराला संपणाऱ्या पाळीच्या गाडीची आणि त्या दिवशी पाळणाघर उघडे राहण्याची चौकशीही करावी.

बाकी आपसातली सोय या बायका स्वतःच लावतात. केरळहून आलेली ख्रिस्ती सिस्टर लक्ष्मीपूजनाची रात्र घेते आणि तिच्या जागी मराठी सिस्टर २४ डिसेंबरला उभी राहते. त्यासाठी ड्युटीचा तक्ता सणाच्या आदल्या संध्याकाळी नव्हे, तर महिनाभर आधी भिंतीवर लागावा लागतो.