चित्रं पुसून प्रवेश मिळत नाही

कला महाविद्यालयांचे प्रवेश जवळ आले की आपल्या चित्रकार मुलामुलींना एक सल्ला हमखास मिळतो : ‘इन्स्टाग्रामवरची बाबासाहेबांची, मोर्चाची चित्रं काढून टाक. मुलाखत घेणारे बघतात. निसर्गचित्रं ठेव.’ सल्ला देणारा बहुतेक वेळा आपलाच असतो आणि काळजीपोटी बोलतो. तरीही सल्ला चुकीचा आहे.

आधी व्यवहार पाहू. महाराष्ट्रात बी.एफ.ए.चे बहुतांश प्रवेश राज्य सीईटीतून होतात. वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान यांवर गुण मिळतात. तिथे फॉलोअर्सचा रकाना नाही. म्हणून चित्रं पुसून काही हाती लागत नाही, आणि दिवसभर रील्स करूनही लागत नाही. सीईटीच्या महिन्यांत मोबाईल बाजूला आणि हात कागदावर, एवढंच खरं.

खासगी संस्था, पदव्युत्तर प्रवेश आणि परदेशातली विद्यापीठं यांचं गणित वेगळं आहे. तिथे पोर्टफोलिओ मागतात, मुलाखतीत ‘हा विषय का निवडला?’ असं विचारतात. क्लासमध्ये काढलेली फुलदाणी प्रत्येकाकडे असते. सफाई कामगार आईचे हात, वस्तीतला पाण्याचा नळ, 6 डिसेंबरची चैत्यभूमी हे विषय तुमच्याकडे आहेत. ते पुसणं म्हणजे स्वतःचं भांडवल स्वतःच फेकून देणं. आणि जात बघूनच डावलणारा परीक्षक समोर असेल, तर त्याला इन्स्टाग्रामची गरज नाही. आडनाव त्याच्यासमोरच्या अर्जावर असतंच.

बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ काढला, कारण आपली बाजू इतरांच्या पत्रांत येत नव्हती. चित्रांचंही तसंच होतं. त्या काळच्या इंग्रजी वृत्तपत्रांतली बाबासाहेबांवरची व्यंगचित्रं उन्नमती श्याम सुंदर यांनी ‘नो लाफिंग मॅटर’ या 2019 च्या पुस्तकात एकत्र केली. ती पाहिली की पेन्सिल दुसऱ्याच्या हातात असली की आपलं काय होतं ते कळतं. आज पेन्सिल आपल्या हातात आहे. सवी सावरकरांनी अस्पृश्यतेचं वास्तव थेट कॅनव्हासवर आणलं तेव्हा सोशल मीडिया नव्हता. सिद्धेश गौतम यांची आंबेडकरी चित्रं मात्र इन्स्टाग्रामवरून घराघरांत पोचली.

पण भाबडेपणा नको. हा मंच आपल्या मालकीचा नाही. टोळीने रिपोर्ट केलं की अकाउंट एका रात्रीत बंद होऊ शकतं. म्हणून काही गोष्टी आजच करा. प्रत्येक चित्राची चांगली स्कॅन प्रत दुसरीकडे जपून ठेवा. चित्रावर सही आणि तारीख टाका. विषय, माध्यम आणि आकार दोन ओळींत लिहा. कच्ची रेखाटनंही टाका, कारण विचार त्यातच दिसतो. दुसऱ्याच्या फोटोवरून काढलं असेल तर तसं सांगा. जातीचा दाखला, आधार किंवा गुणपत्रक स्टोरीला टाकू नका. जातीवरून शिवीगाळ झाली तर वाद घालत बसू नका. स्क्रीनशॉट आणि लिंक जपा, अॅट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार करताना तोच पुरावा आहे. आणि लाइक्स म्हणजे गुण नव्हेत. जयंतीच्या आठवड्यात चित्र व्हायरल झालं म्हणून शरीररचनेचा अभ्यास टळत नाही.

आता थोडं कार्यकर्त्यांना. 14 एप्रिलच्या बॅनरसाठी आपण याच मुलांची चित्रं उचलतो, सही कापतो, मानधन तर सोडाच, नावही देत नाही. शोषणाविरुद्ध भाषण द्यायचं आणि आपल्याच लेकराचं श्रम फुकट वापरायचं, हे चालणार नाही. नाव द्या, पैसे द्या. डीजेच्या खर्चातून थोडे वाचवून विहारात एक स्कॅनर घ्या, सीईटीच्या कागद-रंगांची सोय करा. मुलांना चित्रं पुसायला सांगण्यापेक्षा हे काम जास्त आंबेडकरी आहे.

जय भीम!