सहीचा कागद फ्रिजवरच आहे



गेल्या बुधवारी मंडळाचं सामायिक आटोपलं, आम्ही आसनं गुंडाळत होतो आणि तेवढ्यात एक कागद फिरला. वर लिहिलं होतं, सोसायटीच्या फाटकापासून स्थानकापर्यंतच्या पदपथावरच्या पथाऱ्या कायमच्या हटवाव्यात. कारणं दोन दिली होती, गर्दी आणि घाण. माझ्यापर्यंत येईतो बावीस सह्या झाल्या होत्या. त्यातल्या निदान पंधराजणींच्या पिशवीत त्याच पदपथावरची भाजी असते हे मला माहीत आहे, कारण संध्याकाळी आमची गाठ तिथेच पडते. कागदाबरोबर पेनही आलं. मी "घरी नीट वाचून देते" म्हणाले आणि तो पर्समध्ये टाकला. आज आठ दिवस झाले, कागद फ्रिजवर लोहचुंबकाखाली तसाच आहे. दोन जणींचे फोन येऊन गेले.

न वाचता सही करायची नाही, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. दोन वर्षांपूर्वी असाच कागद आला होता. तेव्हा घरात लग्नाची गडबड होती, दारात उभ्याउभ्याच सही करून मोकळी झाले. नंतर एका सकाळी कोपऱ्यावरच्या मावशींचा माल उचलला गेला. वजनकाटा, क्रेट, वरची ताडपत्री, सगळं गेलं. मावशी एकोणीस दिवस दिसल्या नाहीत. मी दिवस मोजले होते, पण पुण्य मिळवायला म्हणून नव्हे. आमच्याकडे कच्च्या केळ्याशिवाय पावभाजी होत नाही आणि कच्ची केळी तेवढ्या भागात त्यांच्याकडेच मिळतात, म्हणून. परत आल्या तेव्हा काटा उसना होता आणि डोक्यावर छत्री होती. मला म्हणाल्या, "ताई, कुणी तरी अर्ज दिला म्हणं." मी मान खाली घालून भेंडी निवडत राहिले. तो अर्ज माझाही होता, हे त्यांना मी आजवर सांगितलेलं नाही.

या मावशींबद्दल थोडं लिहायलाच हवं. आमची तिथी त्यांना आमच्या सुनांपेक्षा जास्त लक्षात असते. आठम-चौदसेला आपण हिरवी भाजी घेत नाही हे त्यांना पाठ आहे, त्या दिवशी त्या माल निम्माच आणतात. चातुर्मासात पालेभाजी कमी, पर्युषणाचे आठ दिवस तर जवळजवळ काहीच नाही. कांदे-बटाटे-लसूण त्या वेगळ्या पोत्यावर, चार हात लांब ठेवतात. सूर्यास्ताला अर्धा तास उरला की आपल्यातल्या बायकांना आधी मोजून देतात, "यांचं चोविहार असतं" म्हणून बाकीच्यांना थांबवतात. म्हणजे आपला त्याग आपल्या ताटात होतो आणि त्याचा हिशेब त्यांच्या गल्ल्यात लागतो. इतक्या वर्षांत त्यांनी त्याबद्दल कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

आता मुद्द्याकडे येते. हा अर्ज जातो कुठे, असं मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, "शहर फेरीवाला समितीपुढे ठेवायचा आहे, रहिवाशांची बाजू म्हणून." हे नाव मी वर्तमानपत्रात पाहिलं होतं, पण ती महापालिकेची कुठली तरी कमिटी असेल म्हणून पान उलटलं होतं. या वेळी बसून वाचलं. मुलाने कायद्याची प्रत काढून दिली. कायद्याची भाषा कोरडी असते, पण ही दहा-बारा पानं मी दोन दुपारीत वाचून काढली.

पथविक्रेत्यांसाठीचा हा केंद्राचा कायदा १ मे २०१४ पासून लागू झाला. त्यात प्रत्येक शहरात अशी समिती असावी असं म्हटलं आहे. अध्यक्ष महापालिका आयुक्त. वाहतूक पोलीस, आरोग्य अधिकारी, नियोजनाचे लोक, व्यापारी संघटना, रहिवासी संघ, सामाजिक संस्था, बँका या सगळ्यांना जागा. पण शंभरातल्या किमान चाळीस जागा खुद्द पथारीवाल्यांच्या, त्याही त्यांनी आपसांत मतदान करून निवडलेल्या. आणि त्या चाळिसांतल्या एक तृतीयांश बायकांच्या. मी हे वाक्य सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आपल्या संघाच्या ट्रस्टमध्ये किती बायका आहेत गं?" मी उत्तर दिलं नाही. तुम्हीही देऊ नका, आपलं आपल्याला माहीत आहे.

ही समिती शिफारस करते. कोण किती वर्षांपासून बसतो याची पाहणी, प्रमाणपत्रं, कुठे बसू द्यायचं आणि कुठे नाही याचा आराखडा, या सगळ्यात तिचं म्हणणं घ्यावंच लागतं. पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणालाही उठवायचं नाही, असं कायदा सांगतो. उठवायचं झालं तर तीस दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर त्याची यादी द्यायची, आणि नाशवंत माल विक्रेता मागायला आला त्याच दिवशी परत करायचा. पालक-मेथी ती, तिचं आयुष्य केवढं! हे लिहिणाऱ्याने कधी तरी भाजी घेतलेली असणार.

आणि आता आपल्या अर्जातली ती दोन कारणं. कायद्याच्या परिशिष्टात साफ लिहिलं आहे की नुसती गर्दी आहे म्हणून एखादा भाग 'ना-फेरीवाला क्षेत्र' ठरवता येत नाही. अस्वच्छतेचं कारणही चालत नाही, जोवर ती घाण केवळ विक्रेत्यांमुळेच झालेली आहे आणि साफसफाई करूनही सुटत नाही, असं होत नाही. म्हणजे आपल्या बावीस बायकांनी ज्या दोन शब्दांवर सह्या केल्या, ते दोन्ही शब्द कायद्याने आधीच बाजूला ठेवले आहेत. पूर्वीपासून भरणारा बाजार असेल तर तो नैसर्गिक बाजार धरून जपायचा असतो. आमचा कोपरा तसाच आहे, सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून तिथे भाजी मिळते.

कायद्यामागचा विचारही जुना आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात म्हटलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. १९८९ मध्ये दिल्लीच्या विक्रेत्यांच्या खटल्यात पथारी लावून व्यवसाय करणं हाही घटनेने दिलेल्या व्यवसाय-स्वातंत्र्याचा भाग मानला, अर्थात बंधनांसह. पुण्यात तर बाबा आढावांनी हमालांबरोबर पथारीवाल्यांनाही संघटित केलं, त्यामुळे आपल्या शहराला हे काही नवं नाही.

हमालांचं नाव निघालं म्हणून सांगते. माझे वडील मार्केट यार्डात आडते होते. १९६९ चा माथाडी कायदा आला तेव्हा आजोबांच्या पिढीतल्या व्यापाऱ्यांनी कपाळाला हात लावला होता, असं वडील सांगायचे. हमाल आणि मालक एका मंडळात, सारख्या संख्येने बसणार, हेच त्यांच्या पचनी पडत नव्हतं. पुढे तेच व्यापारी म्हणायला लागले, बरं झालं, रोजची कटकट संपली, दर ठरले, लेव्ही भरली की झालं. आपल्या समाजाला टेबलाच्या एका बाजूला बसायची सवय आहे. पण समोर माणूस बसला तर धंदा बुडतो, हा अनुभव काही आपला नाही.

आता धर्माकडे. पक्खी प्रतिक्रमणात आपण बारा व्रतांचे अतिचार आठवतो. पहिल्या व्रताचे पाच: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भत्तपाणविच्छेद. पाठशाळेत आपल्याला हे जनावरांवरून शिकवलं. गाईला वेळेवर चारा न देणं, बैलावर जास्त ओझं लादणं. शहरात आता बैल कुठे राहिले? मग हा पाचवा अतिचार आपण पंधरा दिवसांनी नुसता म्हणून टाकायचा का? माझ्या सहीमुळे एकोणीस दिवस एका घरातली चूल कशी पेटली असेल, हे मला माहीत नाही. अन्नपाण्यात आडवं येणं म्हणजे जर हे नसेल, तर काय असतं? मी हे गेल्या चातुर्मासात साध्वीजींना विचारलं होतं. त्यांनी उलट विचारलं, "अर्जावर सही करताना हात कोणाचा होता?" एवढंच.

काही जणी म्हणतील, पण त्रास खरा आहे. आहेच की! साध्वीजी गोचरीला निघतात तेव्हा अनवाणी पायांनी त्यांना रस्त्यावर उतरावं लागतं. उन्हाळ्यात डांबर कसं तापतं ते मला सांगायला नको. सासूबाईंना काठी घेऊन स्थानकात जायचं तर तीन ठिकाणी पदपथ सोडावा लागतो. मी मात्र मागच्या रविवारी मोजत गेले. त्या तीनपैकी एका ठिकाणी पथारी आडवी येते. दुसऱ्या ठिकाणी दुचाक्या लावलेल्या असतात, त्यातल्या दोन आमच्याच सोसायटीच्या. आणि तिसऱ्या ठिकाणी एका दुकानाच्या पायऱ्या पदपथावर दीड फूट पुढे आल्या आहेत. ते दुकान आमच्या दिरांचं आहे. त्या पायऱ्यांविरुद्ध अर्ज कोणी लिहीत नाही. मी हे घरात जेवताना बोलले, त्या दिवशी ताटं लवकर उचलली गेली.

आणखी एक नाजूक गोष्ट, टाळली तर हा लेख खोटा होईल. अर्जाच्या मुळाशी भाजी नाहीच, स्थानकाच्या वळणावर संध्याकाळी लागणारी अंडाभुर्जीची गाडी आहे. तो वास मलाही सहन होत नाही, मी पदर नाकाला लावून जाते. पण एका गाडीसाठी बारा पथाऱ्यांवर नांगर फिरवायचा? त्या पोराशी कोणी बोललं का, विचारलं तर उत्तर 'नाही' असंच आलं. वळणापासून पलीकडे, चौकात जागा मिळाली तर जाशील का, असं विचारायला काय हरकत आहे? आराखडा करताना समितीपुढे हेच मागता येतं, गाडी बंद करा असं नव्हे, तिला दुसरी जागा द्या असं. तो तयार झाला नाही तर? मग वास सोसायचा. माझं मत इथे अनेक जणींना पटणार नाही, जाऊबाईंना तर मुळीच नाही. त्यांचं म्हणणं, देवधर्माच्या जागेपाशी एवढी मर्यादा पाळलीच पाहिजे. मलाही ती पाळली जावीशी वाटते. पण मी मागायची गोष्ट वेगळी आणि दुसऱ्याची भाकरी काढून मिळवायची गोष्ट वेगळी.

आणि एक विसरू नका. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने आपल्याला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, तेव्हा आपण पेढे वाटले. मुलांच्या शिष्यवृत्तीचे, प्रवेशाचे फॉर्म भरताना तो दाखला आपण फाइलमध्ये वर ठेवतो. त्याच वर्षीच्या या पथविक्रेत्यांच्या कायद्यात प्रमाणपत्रं देताना प्राधान्य कोणाला, तर अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, महिला, अपंग आणि अल्पसंख्याक. समितीतही त्यांना योग्य स्थान द्यावं असं लिहिलं आहे. आपल्यातही पापड-खाकऱ्याची पिशवी घेऊन दारोदार जाणाऱ्या, राखीच्या दिवसांत पदपथावर टेबल टाकणाऱ्या बहिणी आहेत, आपण त्यांच्याबद्दल फार बोलत नाही. उद्या त्यांचं टेबल उचलायचा अर्ज कोणी लिहिला तर आपण कुठे जाऊ? याच समितीकडे.

म्हणून माझं म्हणणं असं. रहिवाशांच्या बाजूने कोणी बोलणार असेल, तर ती रोज त्या पदपथावरून चालणारी, तिथे भाजी घेणारी बाई असावी. गाडीच्या काचेतून पदपथ बघणारे आमचे सेक्रेटरी नकोत, ते भले गृहस्थ आहेत तरीही. आणि अर्ज द्यायचाच असेल तर मी दुसरा लिहिला आहे. पथाऱ्यांसाठी आखून दिलेली जागा, चालायला सलग मोकळी पट्टी, कचऱ्याचे दोन डबे, दुचाक्यांना बंदी, आणि सगळ्या दुकानांच्या पायऱ्या आत. शेवटची ओळ लिहिताना हात जरा थांबला, पण लिहिली. दिरांना पहिली प्रत मीच नेऊन देणार आहे.

जुना कागद बुधवारी परत करीन, सहीशिवाय. नवा सोबत आणते आहे, ज्यांना वाचायचा असेल त्यांनी सामायिकाच्या आधी दहा मिनिटं लवकर या. काल चौदस होती. मावशींनी लांबूनच हात हलवला आणि ओरडून सांगितलं, "आज काही नाही ताई तुमच्यासाठी, उद्या केळी आणते!"