अंगकाठी : मध्यम

मराठी भाषेत सर्वांत जास्त वजन कुठल्या शब्दाला असेल, तर ते 'मध्यम' या शब्दाला. लग्नाच्या बायोडाटात 'अंगकाठी' नावाचा एक रकाना असतो. पंचेचाळीस किलोंपासून पंच्याण्णव किलोंपर्यंतची समस्त प्रजा त्या रकान्यात 'मध्यम' या एकाच शब्दावर मांडीला मांडी लावून बसते. संध्याकाळची कल्याण लोकलसुद्धा एवढी माणसं पोटात घेत नाही!

पूर्वी हा कारभार रविवारच्या पेपरातल्या छोट्या जाहिरातींत चाले. तिथे शब्दाला पैसे पडत, त्यामुळे खोटंसुद्धा काटकसरीने बोलावं लागे. आता संकेतस्थळावर जागा ऐसपैस आणि फोटो पाच वर्षांपूर्वीचा.

आमच्या मुलुंडला चेकनाका आहे. 2017 साली जकात उठली, तोवर मुंबईत शिरणाऱ्या ट्रकला तिथे माल खरा सांगावा लागे. कागदावर एक आणि गाडीत दुसरं निघालं, की दंड. लोखंडाच्या सळ्यांना जो नियम, तो आपल्याला नको?

मी बँकेतला कारकून. यादीतला माल आणि गोदामातला माल जुळला नाही, तर पुढे कर्जाचं काय होतं ते रोज पाहतो. चहापोह्यांच्या वेळी हीच तपासणी होते, फक्त तोंडाने कोणी बोलत नाही. चार दिवसांनी निरोप येतो, 'पत्रिका जुळत नाही.' आणि जुळलं नाही ते पत्रिकेतलं नव्हे, हे मुलीला बरोब्बर कळतं. अशा सात-आठ पत्रिका 'न जुळल्या' की ती आरशासमोर उभं राहणं सोडते. 'मध्यम'चं व्याज हे असं वसूल होतं, आणि तेही तिच्याच खात्यातून.

म्हणून माझ्या भाचीने यंदा रकान्यात सरळ 'जाड' असं लिहिलं. घरात हलकल्लोळ! माझी बहीण म्हणाली, "अगं, निदान 'सुदृढ' तरी लिही!"

"आई, ही सुदृढ बालक स्पर्धा नाहीये."

मामा म्हणून मला पंच नेमलं. मी निकाल भाचीच्या बाजूने दिला. त्या दिवसापासून बहीण मला चहा बिनसाखरेचा देते.

लोक म्हणतात, खरं लिहिलं तर फोन येत नाहीत. अहो, न येणारे फोन हीच तर खरी कमाई! भाचीला पूर्वी महिन्याला दहा फोन येत, आता तीन येतात. पण त्या तिघांनी नोकरीचं विचारलं, वाचनाचं विचारलं, एकाने तर चक्क तिला काय आवडतं तेही विचारलं. बाकीच्या सातांचे पोहे वाचले.

आणि हा रकाना मुलींनीच का लाजत भरायचा? मुलाचं पोट सुटलं तर त्याला आपण 'वेल सेटल्ड' म्हणतो! एकोणिसाव्या शतकात क्वेटले नावाच्या एका बेल्जियन गृहस्थाने वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची युक्ती काढली. गृहस्थ मूळचे खगोलशास्त्रज्ञ, तेव्हा गोलांचा अभ्यास होताच. माझी उंची 168 सेंटिमीटर, वजन 76 किलो. उत्तर येतं 27. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात 25च्या वर जादा वजन आणि 30पासून लठ्ठपणा. आपल्याकडच्या डॉक्टरांनी 2009 साली भारतीयांसाठी हेच आकडे 23 आणि 25 वर आणले. म्हणजे ब्रसेल्सला मी नुसता जाडसर, मुलुंडला उतरलो की लठ्ठ! कमरेची मर्यादा बायकांना 80 सेंटिमीटर, पुरुषांना 90. ही मापं डॉक्टरांनी घ्यावीत. होणाऱ्या सासूबाईंनी त्यात टेप घालू नये.

2020 साली लोकांनी सह्यांचा अर्ज केला, तेव्हा शादी डॉट कॉमने वर्णाची चाळणी काढून टाकली. अंगकाठीचा रकानाही एक दिवस जाईल. तोवर माझी एकच मागणी आहे. ज्याला दुसऱ्याची अंगकाठी विचारायची आहे, त्याने आधी आपल्या कमरेचा घेर सेंटिमीटरमध्ये जाहीर करावा. शिंप्याच्या सहीशिक्क्यानिशी.

मग बघू या, विचारायला कितीजण उरतात ते!