गोळी कुटण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यात मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात एक सून सासऱ्यांची तपासणीची कागदपत्रे आणि एक छोटी डबी घेऊन आली. डबीत पूड होती. "डॉक्टर, गोळी मोठी आहे, बाबांना गिळवत नाही. म्हणून खलबत्त्यात कुटून मधातून देते. दीड महिन्यात एक दिवस चुकवला नाही, तरी रक्त थांबत नाही." तिच्या सेवेत काहीच उणे नव्हते. उणे माझ्या सांगण्यात होते. ही गोळी अखंड गिळायची असते, हे चिठ्ठी देताना मी बोललोच नव्हतो.

आजोबांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. या आजारात मोठ्या आतड्याचे आतले अस्तर सुजते आणि त्यावर व्रण पडतात. रक्त, आव, मुरडा आणि वारंवार शौचाची घाई ही त्याची लक्षणे. आपल्याकडे आव दिसली की अमिबा आणि रक्त दिसले की मूळव्याध, असा हिशेब असतो. मीही आजोबांना प्रथम मेट्रोनिडॅझोलचे दोन कोर्स दिले आणि मगच त्यांना पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवले. कोलोनोस्कोपी झाली तेव्हा निदान हाती आले. हा आजार साठीनंतरही पहिल्यांदा उद्भवू शकतो, आणि याच वयात आतड्याचा कर्करोगही असेच रक्त दाखवतो. तेव्हा मूळव्याध आहे की नाही, हे कृपया घरच्या घरी ठरवू नका.

आजोबांच्या गोळीचे नाव मेसालामाइन. काही चिठ्ठ्यांवर ते मेसालाझिन असेही असते. तिची आजी म्हणावी अशी गोळी सल्फासॅलाझिन. नाना स्वार्ट्झ या स्वीडिश स्त्री-डॉक्टरांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस सांधेदुखीसाठी सल्फा आणि सॅलिसिलेट या वर्गांतली दोन औषधे जोडून ती घडवून घेतली, आणि तिने आतड्याचा दाहही कमी होतो असे त्यांना आढळले. पण गुण या जोडीतल्या कोणाचा? १९७७ साली ऑक्सफर्डमध्ये आझाद खान, पिरिस आणि ट्रुलव्ह यांनी दोन्ही भाग वेगवेगळे करून एनिमावाटे रुग्णांना दिले. काम सॅलिसिलेटचा भागच करतो आणि सल्फा केवळ त्याचे वाहन आहे, हे त्यातून दिसले. यातले आझाद खान बांगलादेशाचे. तो कर्ता भाग म्हणजेच मेसालामाइन.

खलबत्त्याचा प्रश्न येथेच येतो. हे औषध मुख्यतः आतड्याच्या अस्तराला आतून स्पर्श करून काम करते. नुसतेच गिळले तर ते लहान आतड्यातच बरेचसे शोषले जाते आणि जेथे जखम आहे तेथे फारसे उरत नाही. म्हणून अनेक गोळ्यांवर असे आवरण असते की ते पोटातील आम्लात टिकते आणि लहान आतड्याच्या शेवटाकडे विरघळते. गोळी कुटली की ते आवरणही कुटले जाते. गिळणे जमत नसेल तर डॉक्टरांना सांगा. हेच औषध पुडीतल्या बारीक दाण्यांच्या रूपातही मिळते. ते दाणे मात्र चावायचे नाहीत, पाण्याबरोबर गिळायचे.

आजार गुदाशयापुरता असेल तर तोंडाच्या गोळीपेक्षा गुदद्वारातून ठेवायची सपोझिटरी अधिक उपयोगी पडते, आणि तो थोडा वर पसरला असेल तर एनिमा. येथे आपली ज्येष्ठ मंडळी अडतात. सुनेसमोर कसे, मुलाला कसे सांगायचे! अहो, हात हलत असतील तोवर हे आपले आपल्याला करता येते. रात्री शौचाला जाऊन आल्यावर डाव्या कुशीवर निजावे, औषध आत सारावे आणि तसेच पडून राहावे. संकोचापायी हे औषध कपाटात पडून राहिलेले मी अनेक घरांत पाहिले आहे.

मेसालामाइन क्वचित मूत्रपिंडाला इजा करते. सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन तपासावे, काही महिन्यांनी पुन्हा, आणि पुढे निदान वर्षातून एकदा. मधुमेह असेल तर यात चालढकल नको. सुरुवातीच्या आठवड्यांत ताप येऊन जुलाब उलट वाढले, तर ते औषधच सोसत नसण्याची शक्यता असते. तेव्हा त्याच दिवशी कळवा. दिवसाला सहा किंवा अधिक वेळा रक्ताची शौच आणि जोडीला ताप किंवा नाडीची धडधड असेल, तर दवाखान्यात नव्हे, थेट रुग्णालयात जावे.

आणखी एक घोटाळा शब्दांचा आहे. "हीही सूज उतरवणारी आणि तीही," असे म्हणून गुडघ्यासाठी केमिस्टकडून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणले जाते. या गोळ्या कोलायटिस उसळवू शकतात आणि मूत्रपिंडावरही ताण आणतात. हृदयासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नका. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

रक्त थांबले की गोळी थांबवण्याचा मोह होतो. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना हाच आजार होता. २००७ मध्ये पद सोडल्यावर नव्या औषधाने ते सावरले, २०१२ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले आणि आजार उलटल्यामुळे २०२० मध्ये त्यांनी पुन्हा राजीनामा दिला. शांत झालेला कोलायटिस गेलेला नसतो. गोळी चालू ठेवल्याने तो उलटण्याची शक्यता बरीच घटते, म्हणूनच ती वर्षानुवर्षे घ्यायची असते. शिवाय बराचसा आतड्याचा भाग बाधित असेल, तर साधारण आठ वर्षांनी कर्करोगासाठी कोलोनोस्कोपीने पाहणी सुरू करावी लागते.

आजोबांची पुडी सुरू झाली. पहिले दोन आठवडे फरक दिसेना, आणि सून रोज फोन करी. चौथ्या आठवड्यात रक्त थांबले. आपल्या लोकलमध्ये शौचालय नसते, म्हणून वर्षभर ते मुलुंडबाहेर पडले नव्हते. दिवाळीनंतर दादरला बहिणीकडे जाऊन आले, पिशवीत जास्तीचा लेंगा घेऊन. तो लागला नाही, असे त्यांनी दवाखान्यात येऊन मुद्दाम सांगितले.