जुनी डॅटसन झेड घेताय? आधी पत्रा बघा

अमेरिकेत स्थिरावलेल्या आपल्या मंडळींमध्ये जुन्या गाड्यांची हौस वाढते आहे, याचा मला मनापासून आनंद होतो. मुले कॉलेजात गेली, घराचे हप्ते संपत आले, गॅरेजमध्ये एका गाडीची जागा मोकळी झाली, की मनात दडलेली एखादी गाडी पुन्हा डोके वर काढते. जपानी स्पोर्ट्‌स कार शोधणाऱ्या अनेकांची नजर शेवटी डॅटसन २४० झेडवर येऊन थांबते.

ती गाडी आहेच तशी. निस्सानने ऑक्टोबर १९६९ मध्ये ती जपानात फेअरलेडी झेड या नावाने आणली आणि १९७०चे मॉडेल म्हणून अमेरिकेत २४० झेड विकायला सुरुवात केली. लांब बोनेट, मागे उतरत गेलेले छप्पर, सहा सिलिंडरचे २३९३ सीसीचे इंजिन, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि मूळ किंमत ३,५२६ डॉलर. जग्वारसारखी गाडी तेव्हा याहून कितीतरी महाग होती. योशिहिको मात्सुओ यांच्या चमूने तिला रूप दिले आणि निस्सानच्या अमेरिकेतल्या कारभाराचे प्रमुख युताका कातायामा यांनी तिच्यासाठी कंपनीत जोर लावला. झेडवाले त्यांना आजही ‘मिस्टर के’ म्हणतात. २०१५ साली, वयाच्या १०५व्या वर्षी ते गेले. आणखी एक गोष्ट आपल्याला जवळची वाटावी अशी: युगांडात जन्मलेले, भारतीय वंशाचे शेखर मेहता यांनी १९७३ सालची सफारी रॅली जिंकली ती याच गाडीत. पूर्व आफ्रिकेतला तो चिखल, ते दगड, ते पाण्याचे ओहोळ पार करून ही गाडी पहिली आली. म्हणजे ती निव्वळ दिखाऊ नव्हती.

पण तिचे इंजिन जेवढे दणकट, तेवढा पत्रा नाजूक. माझे सारे सांगणे याच एका मुद्द्यावर आहे. झेड विकत घेताना इंजिनाकडे शेवटी बघा, पत्र्याकडे आधी बघा.

कारण असे, की या गाडीला वेगळी चासी नाही. खालचा फ्लोअर, त्याखालच्या रेल्स, बाजूचे रॉकर, पुढचा फायरवॉल हे सगळे मिळूनच तिचा सांगाडा होतो. तो पत्रा पातळ, आणि त्या काळी त्याला गंजरोधक लेप आजच्यासारखा मिळत नसे. वरून चकचकीत रंग आणि आतून पोखरलेला सांगाडा अशी झेड बाजारात अगदी सहज मिळते. वाळवी लागलेल्या चौकटीला ऑइल पेंट मारून घर विकावे, तसा हा प्रकार. इंजिन खराब निघाले तर दुसरे मिळते. त्याच घराण्यातले २८० झेडचे मोठे इंजिन तर थेट जाग्यावर बसते. गिअरबॉक्स मिळतो, काचा मिळतात, सीटची कव्हरे नवी शिवून मिळतात. पत्र्याचे काम मात्र हाताचे आहे, तासांवर चालते आणि त्याचे तास कुणालाच आधी सांगता येत नाहीत.

म्हणून गाडी बघायला जाताना टॉर्च, कापडात गुंडाळलेले लोहचुंबक, एक बोथट स्क्रू-ड्रायव्हर आणि जमिनीवर आडवे होता येईल असे जुने कपडे एवढे बरोबर न्या. सुरुवात बॅटरीच्या ट्रेपासून करा. ती इंजिनाच्या कप्प्यात, गाडीच्या उजव्या कोपऱ्यात आहे. पन्नास वर्षांत सांडलेल्या ॲसिडने ट्रे तर खाल्लेला असतोच, पण ते ॲसिड खाली झिरपून रेल आणि फायरवॉलपर्यंत पोचते. मग विंडशील्डच्या खालची जाळी बघा. तिच्यातून पडलेला पाचोळा आत साचतो, ओला राहतो, आणि तिथले पाणी पुढच्या मडगार्डच्या मागच्या पोकळीतून खाली उतरते. त्यामुळे मडगार्डचा दाराजवळचा खालचा कोपरा आधी जातो. मागच्या चाकाच्या पुढचा कोपरा, डिकीच्या झाकणाखालची कड, स्टेपनीचा खळगा इथे चुंबक फिरवा. ते चिकटले नाही, तर रंगाखाली पुट्टी आहे. शेवटी गाडीखाली शिरून फ्लोअरच्या रेल्स हाताने चाचपा. त्या बहुतेक गाड्यांमध्ये कुणीतरी चुकीच्या जागी जॅक लावून चेपवलेल्या असतात. तेवढ्याने घाबरू नका. पण स्क्रू-ड्रायव्हर आत गेला, तर विकणाऱ्याचे आभार माना आणि घरी या. गाडी खाली वाकून बघायला जो विकणारा कुरकुरतो, त्याच्याशी पुढे बोलूच नका.

अॅरिझोना, न्यू मेक्सिको, कॅलिफोर्नियाच्या आतल्या भागातल्या कोरड्या हवेतली गाडी दूर असली तरी ती ट्रकवर घालून आणणे शहाणपणाचे. तिचा डॅशबोर्ड उन्हाने तडकलेला असेल, सीट फाटलेल्या असतील. फाटू देत. न्यूजर्सीत किंवा मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि तिथे आयुष्य काढलेली सुंदर रंगाची झेड स्वस्तात मिळाली, तरी ती पुढे महागच पडते.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. अमेरिकेसाठी बनलेल्या गाडीचा नंबर एचएलएस३०ने सुरू होतो. तो फायरवॉलवर ठोकलेला असतो, डॅशबोर्डवरच्या पट्टीवर असतो आणि टायटलवरही तोच हवा. इंजिनच्या कप्प्यातल्या पट्टीवर इंजिनचा मूळ नंबर असतो. तो ब्लॉकवरच्या नंबराशी जुळला तर किंमत वाढते. जुळला नाही म्हणून गाडी वाईट ठरत नाही. रोज चालवायची असेल तर मला त्याचे काहीच वाटणार नाही, फक्त जुळलेल्या गाडीची किंमत देऊ नका.

कोणते मॉडेल घ्यावे, हा प्रश्न हमखास येतो. १९७० आणि १९७१च्या सुरुवातीच्या गाड्या, ज्यांच्या डिकीच्या झाकणावर हवेच्या दोन झडपा आहेत, त्या संग्राहकांच्या आवडीच्या आणि म्हणून महाग. १९७२ची २४० झेड माझ्या मते सगळ्यांत समंजस निवड. १९७३च्या गाडीला चपट्या डोक्याचे कार्बोरेटर आले, ते उष्णतेत फार सतावतात. अनेकांनी ते काढून आधीचे गोल डोक्याचे बसवले आहेत, तसे असेल तर उत्तम. १९७४ची २६० झेड ही २४० आणि नंतरच्या २८० झेडच्या मधली. १९७५पासून २८० झेड आली. तिला फ्युएल इंजेक्शन आहे, बंपर जड आहेत, किंमत कमी आहे आणि थंड सकाळी ती मुकाट्याने सुरू होते. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: तिथे १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे, १९७६पासून पुढच्यांना नाही. म्हणजे १९७५ची २८० झेड घेतली, तर इंजेक्शनही मिळते आणि तपासणीही नाही. ही गाडी लोकांच्या नजरेतून सुटते. तुम्ही सुटू देऊ नका.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना स्पष्ट सांगतो. इतकी जुनी गाडी भारतात आणण्याचे नियम कडक आहेत आणि करच गाडीच्या किमतीवर ताण करतो. ‘सगळे कागद मी बघतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही आगाऊ देऊ नका. परदेश व्यापार महासंचालनालयाचा चालू नियम आधी स्वतः वाचा.

आता गाडी घरी आली. इथे बहुतेकांचा घात एकाच गोष्टीने होतो. पहिल्याच शनिवारी ती पूर्ण उघडतात. दारे काढली, इंजिन उतरवले, वायरिंग ओढून काढले, आणि मग नोकरी, मुलांच्या परीक्षा, भारतवारी. दोन-तीन वर्षांनी ती गाडी खोक्यांमध्ये भरून, ‘अर्धवट राहिलेले काम’ म्हणून पडत्या भावाने विकली जाते. अशा किती झेड मी बघितल्या आहेत! कृपा करून असे करू नका. गाडी चालती ठेवा आणि एका वेळी एकच काम हातात घ्या.

पहिले काम ब्रेकचे. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, सगळ्या रबरी नळ्या नव्या. मग पेट्रोलच्या नळ्या, कारण आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल जुन्या रबराला खाते आणि नळी फुटते ती गरम इंजिनाच्या शेजारी. टायर कितीही कोरे दिसले तरी त्यांच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. त्यात आठवडा आणि वर्ष असते. त्यानंतर कूलिंग. इंजिनचे हेड ॲल्युमिनियमचे आहे, ते एकदा तापून वाकले की खर्च मोठा. नुसते पाणी घालून चालवू नका, कूलंट हवेच.

एक धोका फारसे कुणी सांगत नाही. काचा उघड्या ठेवून झेड चालवताना केबिनमध्ये धुराचा वास येत असेल, तर ‘जुनी गाडी आहे, येणारच’ म्हणून सोडून देऊ नका. गाडीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि डिकीच्या सुकलेल्या रबरातून, टेललाइटच्या गॅस्केटमधून सायलेन्सरचा धूर आत खेचला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. ही रबरे स्वस्त आहेत. मुलाबाळांना गाडीत बसवण्याआधी ती बदला.

वायरिंगमध्ये हेडलाइटचा सगळा विद्युतप्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो, मध्ये रिले नाही. त्यामुळे स्विच जळतो आणि फ्यूजबॉक्स वितळतो. रिलेचा तयार हार्नेस मिळतो. तो बसवायला एक दुपार पुरते. मूळ पॉइंट काढून नंतरच्या २८० झेडएक्सचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर बसवणे हाही जुना, खात्रीचा उपाय. काढलेला मूळ भाग मात्र नाव लिहून जपून ठेवा.

मागच्या सस्पेन्शनचे बुश बदलायला घेतलेत तर स्पिंडल पिन तुमची परीक्षा बघेल. लांब पोलादी पिन, बुशच्या आतल्या नळीत पन्नास वर्षे गंजून बसलेली. आधी तिची लॉक पिन काढायची असते, हे पुष्कळांना माहीत नसते. मग ते हातोडी घेतात, पिनीचे आटे चेपटतात आणि ती आणखीच अडकते. पुलर वापरा. नाहीच निघाली तर तो सगळा भाग सोडवून मशीन शॉपमध्ये न्या, तिथे प्रेसवर ती काढून देतील.

पत्र्याचे काम काढाल तेव्हा छप्पर आणि बोनेट यांच्यावर वाळूचा मारा करू देऊ नका, पत्रा लहरतो. गंजलेला भाग कापून नवा पत्राच जोडायला सांगा. फ्लोअर आणि रेल्सचे नवे भाग तयार मिळतात. काम संपल्यावर आतल्या पोकळ्यांत मेण फवारून घ्या. रंग करण्याआधीचे सगळे फोटो स्वतः काढा, कारण पुढे तुमच्याकडून गाडी घेणारा तेच मागेल. धड, न गंजलेली झेड हाती आली असेल तर तिच्यात अमेरिकन व्ही-८ बसवण्यासाठी पत्रा कापू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. अशा गाड्या आता फार उरल्या नाहीत. १९९०च्या दशकाच्या अखेरीस खुद्द निस्सानने जुन्या २४० झेड विकत घेऊन, दुरुस्त करून पुन्हा विकल्या. पण सुमारे तीन डझन गाड्यांनंतर तो उपक्रम थांबला.

नेहमीची देखभाल सोपी आहे आणि ती घरी शिकण्यासारखी आहे. व्हॉल्व्हचे अंतर थंड इंजिनावर इनटेकला ०.२० आणि एक्झॉस्टला ०.२५ मिलिमीटर. झिंक जास्त असलेले, जुन्या इंजिनांसाठीचे तेल. दोन्ही कार्बोरेटरच्या डॅम्परमध्ये हलके तेल आहे का, हे अधूनमधून बघायचे, आणि दोन्हींचे हवा ओढणे मीटर लावून सारखे करायचे. विमा मात्र ठरलेल्या किमतीचा घ्या. साध्या विम्याच्या हिशेबात पन्नास वर्षांच्या गाडीला काहीच मोल नसते. एवढे सारे झेपणार नाही असे वाटत असेल, तर १९९०च्या दशकातली माझ्दा मियाटा घ्या; ती थोड्या कष्टांत भरपूर सुख देते आणि त्यात कमीपणा काही नाही.

ज्यांच्या गॅरेजमध्ये कापडाखाली झेड वर्षानुवर्षे उभी आहे, त्यांना शेवटचे आवाहन. ती एक तर चालू करा, नाही तर चालवणाऱ्याच्या हाती द्या. उभ्या गाडीला गंज जास्त लागतो. थेट किल्ली फिरवू नका. टाकीतले जुने पेट्रोल काढा, नवी बॅटरी अजून जोडू नका. सहाही स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा आणि दोन दिवस थांबा. मग क्रँकच्या पुढच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने हळू फिरवा. फिरले तर ब्रेकच्या कामाला लागा. अडले तर जोर करू नका. आणखी तेल सोडा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बघा.