कडू काय, ते आधी सांगा की!

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मी पहिल्यांदा कॅफेत गेले. मैत्रिणीचा वाढदिवस होता. बोर्डावरची नावं वाचली आणि मला घामच फुटला. एकही ओळखीचं नाही! मग नावं सोडून मी उजवीकडचे आकडे वाचले आणि सगळ्यात स्वस्त होतं ते मागितलं, एस्प्रेसो. काउंटरवरच्या पोरानं ‘शुअर?’ म्हणून विचारलं. मी मान डोलावली. आलं काय, तर भातुकलीतल्यासारख्या कपात दोन घोट काळी कडू कॉफी. मैत्रिणी हसायला लागल्या. ‘मला अशीच आवडते,’ असं म्हणून मी ती काढ्यासारखी गिळली.

खोटं बोलले ते कॉफीमुळं नाही. ‘मला माहीत नाही’ एवढं म्हणायची लाज वाटली म्हणून.

पुढं दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला मावशीकडं गेले. मावसदादा तिथं एका कॅफेत मशीनवर काम करतो. त्याला हे सांगितलं, तर तो हसला नाही. म्हणाला, ‘अगं, बोर्डावरची निम्मी नावं एकाच आईच्या लेकी आहेत. ये, चाखून बघ.’ दुपारी गिऱ्हाईक कमी असताना त्यानं मला एकेक करून दिली.

आई म्हणजे एस्प्रेसो. सात-आठ ग्रॅम बारीक पूड, तिच्यातून साधारण नऊ बार दाबानं गरम पाणी, आणि पंचवीस-तीस सेकंदांत जेमतेम तीस मिली कॉफी. वर तांबूस फेस येतो, त्याला क्रेमा म्हणतात. मिलानच्या लुइजी बेझेरानं 1901 साली वाफेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचं पेटंट मागितलं. पण हा दाट क्रेमा दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाजियाच्या दांड्याच्या यंत्रानं आणला. गिळायची घाई केली नाही, तर कडूपणाच्या मागून थोडी आंबट आणि शेवटी कोकोसारखी चव लागते. तीच पूड आणि पाणी कमी, की रिस्ट्रेटो: दाट आणि कडूपणा कमी. पाणी जास्त जाऊ दिलं की लुंगो, आणि ती जास्त कडू. तयार एस्प्रेसोत वरून गरम पाणी घातलं की अमेरिकानो. तिला आपण सरळ काळी कॉफी म्हणू शकतो.

मग दुधाच्या लेकी. चमचाभर फेसाचा डाग लावला की माकियातो. इटालियनमध्ये शब्दाचा अर्थच ‘डागाळलेली’. कापुचिनोत दूध आणि जाड फेस. हे नाव कापुचिन संन्याशांच्या तपकिरी झग्यावरून आलंय. लाटेत दूध भरपूर, म्हणून कॉफी मवाळ. फ्लॅट व्हाइटमध्ये दूध त्याहून कमी आणि फेस पातळ, म्हणून कॉफी दुधातूनही जाणवते. दूध साठ-पासष्ट अंशांपर्यंतच तापवलं तर साखर न घालताही गोड लागतं. जास्त तापवलं की तो गोडवा जातो.

सगळं समजायला अर्धा तास लागला. माझं म्हणणं एवढंच आहे, की बोर्डावर प्रत्येक नावाखाली एक ओळ का नसावी? ‘लहान, कडू, दूध नाही.’ ‘मोठी, दुधाळ, मवाळ.’ मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, इंग्रजीत लिहा, पण लिहा. कुणी म्हणेल, मोबाइलवर बघून जायचं की! पण आपल्या बेळगावात उडुपी हॉटेलात बसलं, तर वेटर स्वतःच विचारतो, ‘स्ट्राँग की लाइट? साखर कमी?’ तिथं कुणाला अभ्यास करून जावं लागत नाही. वर गंमत अशी, की भारतातली सगळ्यात जास्त कॉफी आपल्याच कर्नाटकात पिकते, चिक्कमगळूर-कोडगूकडं. इथली रोबस्टा इटलीला जाते आणि तिथल्या एस्प्रेसोच्या मिश्रणात पडते. बी आपली, तरी तिकडचं नाव लागलं की आपण बिचकतो.

चूक एकट्या कॅफेवाल्यांची नाही, आपलीही आहे. मैत्रीण चुकली की आपण हसतो. म्हणून पुढची विचारत नाही, मुकाट्यानं आकडे वाचते. मी तेच केलं होतं.

मागच्या महिन्यात आईला घेऊन त्याच कॅफेत गेले. तिनं काउंटरवर सरळ विचारलं, ‘ह्यातली कमी कडू कुठली हो?’ पोरानं दोन मिनिटं नीट समजावून सांगितलं. कापुचिनोचा घोट घेऊन आई म्हणाली, ‘साखर नाही, तरी दूध गोड लागतंय की गं!’

मी एस्प्रेसोच घेतली. या वेळी खरंच आवडली.