लंगडीच्या खेळाबाहेरची मुलगी

आठ मार्चला धाडमध्ये आम्ही मुलींचे खेळ ठेवले होते. रस्सीखेच, संगीत खुर्ची आणि शेवटी लंगडी. ओढण्या कमरेला खोचून वीसेक मुली एका पायावर उड्या मारत होत्या. कडेला, कुबडी मांडीवर आडवी घेऊन तेरा वर्षांची एक मुलगी बसली होती. तिचा एक पाय जन्मापासून आखूड. सगळ्यांच्या चपला आणि दप्तरं सांभाळायचं काम तिच्याकडे होतं. ते काम तिला मीच दिलं होतं, 'तुला उगीच त्रास नको' असं म्हणून.

आणि मुली तिला हाक कशी मारत होत्या? 'ए लंगडे!' दोन्ही पाय धड असलेल्यांनी एक पाय उचलला की तो खेळ होतो. जी खरोखरच एका पायाच्या जोरावर चालते तिला मात्र त्या खेळात जागा नाही, फक्त त्याचं नाव तिला चिकटतं.

मैत्रिणींनो, हाक बदला, असं मी तेव्हाच म्हणू शकले असते. पण नुसती हाक बदलून काय होतं ते आपण पाहिलं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' शब्द सुचवला आणि 'अपंग' पुसून सरकारी पाट्या नव्यानं रंगल्या. महाराष्ट्रात तर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागच झाला. विभाग हवाच होता. पण 'दिव्य' कशासाठी? हा डाव आपल्याला, बायकांना, चांगला ओळखीचा आहे. आपल्याला देवी म्हणून मखरात बसवलं आणि घराबाहेरचा रस्ता बंद केला. देवीला मजुरी लागत नाही, तसा दिव्य माणसाला उतार, संडास आणि मैदान लागत नसावं! अपंगांच्या अनेक संघटनांनी या शब्दाला विरोध केला. संयुक्त राष्ट्रांच्या समितीनंही २०१९ मध्ये भारताच्या अहवालावर बोलताना त्यावर आक्षेप नोंदवला.

आपली भाषा तरी कुठे स्वच्छ आहे? 'आंधळा कायदा', 'बहिरं सरकार', 'लंगडी सबब' या आपल्याच मोर्च्यांतल्या घोषणा. 'बांगड्या भरा' म्हटलं की आपण चवताळून उठतो, आणि सरकार ऐकत नाही म्हणून त्याला बहिरं म्हणतो. सरकार बहिरं नाही. त्याला सगळं ऐकू येतं, ते मुद्दाम ऐकत नाही. मग अपमान कोणाचा झाला?

म्हणून शब्दापुढे जाऊन विचारायला हवं की बदलायचं कोणी? अपंगत्वाच्या दाखल्यावर शरीर किती टक्के कमी आहे ते लिहितात. चाळीस टक्क्यांच्या आत असलं तर बहुतेक सवलती बंद. पण शाळेचं मैदान किती टक्के अपुरं आहे, हे कोण मोजतं?

क्रीडाशिक्षणात याला उत्तर देणारा एक विचार आहे, 'अनुकूलित शारीरिक शिक्षण'. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७३ साली कॅनडात सुरू झाली. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे. मुलीला खेळाच्या मापात बसवायचं नाही, खेळ मुलीच्या मापाचा करायचा. मैदान लहान करा, चेंडू बदला, नियम बदला. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे असतात, तो खुळखुळतो आणि खालून टाकला जातो. पूर्ण अंध खेळाडूची प्रत्येक धाव दुप्पट मोजतात. ही दया नव्हे, हा खेळाचा नियम आहे. याच नियमांनी खेळून भारताच्या अंध मुलींनी नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलंबोला पहिला टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकला. नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधव गोळाफेक करतात. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये देशाचा झेंडा त्यांच्या हाती होता.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार शाळेनं खेळाची संधी इतरांच्या बरोबरीनं द्यायची आहे. कलम ९२ नुसार चारचौघांत जाणूनबुजून मानहानी करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षं कैद होऊ शकते.

'सोयाबीनला भाव नाही, पोरींची लग्नं सोळाव्या वर्षी लागतात, आणि तुला खेळ सुचतात?' असं एक कार्यकर्ती मला म्हणाली. बाई, 'आधी मोठा लढा, बायकांचं नंतर' हे आपण किती वर्षं ऐकलं? त्याच तोंडानं आता या मुलींना 'नंतर' म्हणायचं? मुलगी म्हणून आणि अपंग म्हणून, दोन्हीकडून जिला घरात बसवलं जातं, तिनं चारचौघींत घाम गाळणं, पडणं, हरणं, आरडाओरडा करणं ही चैन नाही. आपलं शरीर आपलं आहे, हे ती तिथे शिकते. आपण शिबिरांतून दुसरं काय शिकवतो?

त्या दिवशी उशिरा का होईना, मी चपलांपाशी जाऊन बसले आणि विचारलं, "तुला काय खेळायचंय?" मला वाटलं, कॅरम म्हणेल. ती म्हणाली, "ताई, माझ्यावर राज्य द्या."

आम्ही रिंगण निम्मं केलं. तिला कुबडी, बाकीच्यांनीही लंगडीच घालायची, असा नियम केला. तिनं चौघींना बाद केलं. पाचवीच्या वेळी पडली, गुडघा खरचटला. मी धावले, तर माझ्यावरच ओरडली, "डाव थांबवू नका!"

पुढच्या आठ मार्चला तुमच्या गावात चपला कोण सांभाळणार आहे, ते आधी बघा.